पांढरी पाच

माझ्या पापडाच्या वहीत उडदाचं पीठ, मिरी आणि पापडखार यांचं प्रमाण लिहिलेलं आहे. त्याच्या समोरच्याच पानावर लाल शाईत एक ओळ आहे – ‘एटी अँड एफ एक्स ३’. खाली दोन रेघा मारलेल्या. मागच्या उन्हाळ्यात सुनेनं वही उघडली आणि विचारलं, “आई, ही कसली रेसिपी?” मी म्हटलं, “ती फोनची आहे.” ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. पण ती खरोखरच फोनची होती, आणि पापडापेक्षा ती साधायला मला जास्त दिवस लागले होते.

गोष्ट १९९८ सालच्या पावसाळ्यातली. ह्यांची नोकरी सिल्वासाच्या सूत कारखान्यात, घर सामरवरणीत. त्या वेळी सामरवरणी म्हणजे अर्धं गाव आणि अर्धी कारखान्यांची रांग. घरामागं भातखाचरं, पुढं ट्रकांचा रस्ता. शेजारपाजार गुजराती, राजस्थानी, वारली, केरळी, सगळंच. मराठी बोलायला मिळालं की बरं वाटायचं. १९५४ मध्ये ज्या तुकडीनं सिल्वासा पोर्तुगीजांकडून सोडवलं तिच्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, हे मी इथल्या बायकांना सांगायची तेव्हा त्यांना नवल वाटायचं. आमचे सासरे, आप्पा, मिरजेकडचं गाव सोडून आमच्याजवळ राहायला आले होते. हायस्कूलात गणित आणि शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बरोबर दोन ट्रंका आणि एक पेटी. पूजेनंतर भजनाला ती लागायचीच.

माझी नणंद, आप्पांची धाकटी, शिकायला अमेरिकेत गेली आणि १९९५ मध्ये तिथंच तिनं एका तमिळ मुलाशी लग्न केलं. आप्पा रागावले नाहीत. आरडाओरडा नाही, ‘मला तोंड दाखवू नको’ वगैरे काही नाही. ते फक्त फोनवर येईनासे झाले. रविवारी सकाळी तिचा फोन वाजला की चपला घालून बाहेर पडायचे, भाताच्या बांधावरून एक फेरी मारून यायचे. तिची पत्रं यायची ती वाचायचे, घडी घालून ट्रंकेत ठेवायचे. उत्तर द्यायचे नाहीत. सासूबाई फोनवर रडायच्या आणि रडता रडता मिनिटं मोजायच्या, कारण अमेरिकेच्या एका मिनिटाला तेव्हा पन्नास रुपयांच्या कितीतरी वर पडायचे. रडणंसुद्धा परवडायचं नाही. पत्राला जायला-यायला महिना. नणंदेनंच एका पत्रात लिहिलं, “वहिनी, ई-मेल घे ना. रोज बोलता येईल.”

मी बी.ए. झालेली, मराठी घेऊन. पण ह्यांच्या कारखान्यात नवे पेंटियम आले आणि जुनी यंत्रं कामगारांना स्वस्तात दिली, त्यातलं एक ४८६ आमच्या घरी आलं. चार एमबी मेमरी, विंडोज ३.१, आणि पुढच्या बाजूला ‘टर्बो’ असं लिहिलेलं बटण. ते दाबल्यानं काय होतं हे आमच्या घरात कुणाला कधी कळलं नाही. ह्यांची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. मुलगा दहा वर्षांचा. तेव्हा यंत्र चालू करायचं काम माझ्याकडे आलं, जसं घरातली सगळी बिघडलेली कामं बाईकडे येतात.

आज ज्यांच्या हातात मोबाईल आहे त्यांना सांगायला हवं की कॉम्प्युटरला तेव्हा बाहेरचं जग माहीत नव्हतं. त्याच्या पोटात फक्त शून्य आणि एक. आणि फोनची तार माणसाच्या आवाजासाठी बनवलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्यातलाच आवाज तिच्यातून नीट जातो. म्हणून मधे दुभाष्या लागतो. तो शून्य-एकाचे सूर करून तारेत सोडतो आणि पलीकडून आलेल्या सुरांचे पुन्हा शून्य-एक करतो. हा दुभाष्या म्हणजे मोडेम. आणि मोडेमशी बोलायला कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लागतो, त्याला टर्मिनल म्हणायचं. या प्रोग्रॅमला डोकं नसतं. तुम्ही लिहिलं ते तारेत टाकतो, तारेतून आलं ते पडद्यावर दाखवतो, बस.

इंटरनेट आपल्याकडे सामान्य माणसाला मिळालं ते १९९५ च्या १५ ऑगस्टपासून. विदेश संचार निगमनं मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथं ते सुरू केलं. त्याच्याही आधी मुंबईत काही हौशी मंडळी घरच्या कॉम्प्युटरला फोन जोडून ‘बीबीएस’ चालवायची. दुसऱ्यानं फोन करायचा, निरोप ठेवायचा, ठेवलेले वाचायचे. असला पहिला फलक अमेरिकेत शिकागोला १९७८ साली वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी सुरू केला, बर्फाच्या वादळात घरात अडकून पडले होते तेव्हा. पावसाळ्यात अडकलेल्या आम्हाला हे नंतर कळलं तेव्हा बरं वाटलं. निगमकडे दोन प्रकारची खाती मिळायची. एकात चित्रं दिसायची, ते महाग. दुसरं ‘शेल’ खातं, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, ते स्वस्त. आम्ही शेल घेतलं. पत्रच लिहायचं होतं, चित्रं कुणाला हवी होती?

वापीच्या एका दुकानदारानं आम्हाला आधी जो मोडेम दाखवला तो फार स्वस्त होता. स्वस्त का, ते मी खोदून विचारलं. तेव्हा कळलं की त्या मोडेममधलं अर्धं काम कॉम्प्युटरनं करायचं असतं. त्याला पेंटियम लागतो आणि नवी विंडोज लागते. आमचं ४८६ त्याच्यापुढं आडवं पडलं असतं. अशा मोडेमना ‘विनमोडेम’ म्हणत. म्हणजे स्वतः मुंडावळ्या बांधून बसायचं आणि अक्षता वाटण्यापासून जेवणावळीपर्यंत सगळं दुसऱ्यानं करायचं. मी तो घेतला नाही.

ह्यांच्या एका मित्राकडून जुनं कार्ड मिळालं, २४०० वेगाचं, कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं. बसवलं. मोडेम चालू झाला की माऊस थिजायचा. माऊस हलला की मोडेम मुका. तीन दिवस हा खेळ. शेवटी कार्डाबरोबरच्या चार पानी पुस्तिकेतून उलगडा झाला. कॉम्प्युटरला बाहेरची उपकरणं जोडायच्या जागांना कॉम १, कॉम २, कॉम ३, कॉम ४ अशी नावं. उपकरणाला काही सांगायचं असलं की ते घंटा वाजवतं. पण कॉम १ आणि कॉम ३ यांची घंटा एकच, चार नंबरची. कॉम २ आणि कॉम ४ यांचीही एकच, तीन नंबरची. आमचा माऊस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर. घंटा वाजली की यंत्राला कळायचं नाही दारात कोण आहे. कार्डावर दोन बारीक काळ्या टोप्या होत्या, त्या भुवया कोरायच्या चिमट्यानं उचलून दुसऱ्या काड्यांवर बसवल्या. मोडेम कॉम ४ वर गेला आणि भांडण मिटलं. सासूबाई म्हणाल्या, “एका वाड्याला दोन दारं आणि घंटा एक, मग असंच होणार.” त्या वाड्यातच वाढलेल्या.

आता फोन लावायचा. मोडेमला हुकूम द्यायची भाषा १९८१ पासूनची. अमेरिकेतल्या डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांच्या कंपनीनं स्मार्टमोडेम काढला, वेग ३००, आणि त्याच्यासाठी ही भाषा ठरवली. प्रत्येक हुकुमाच्या आधी ‘एटी’ लिहायचं. ‘अटेन्शन’ची पहिली दोन अक्षरं, म्हणजे ‘अहो, ऐका’. एटीझेड म्हणजे सगळं विसरून नव्यानं सुरुवात कर. एटीएच म्हणजे फोन ठेव. एटीडीटी आणि पुढं नंबर म्हणजे टोननं फोन लाव. एटीडीपी म्हणजे पल्सनं लाव, जुन्या चकतीच्या फोनसारखं टकटक करून. हुकूम मान्य झाला की मोडेम ‘ओके’ लिहितो. पहिल्यांदा माझ्या ‘एटी’ला पडद्यावर ‘ओके’ आलं तेव्हा मला जे वाटलं ते इथं लिहीत नाही, वाचणाऱ्या हसतील.

पण नंबर लावला की उत्तर एकच – ‘नो डायलटोन’.

रिसीव्हर उचलून कानाला लावावा तर डायल टोन ठणठणीत. टेलिफोनचा माणूस आला, त्यानं ऐकलं, म्हणाला, “बेन, लाइन तो चोख्खी छे.” चोख्खी तर होतीच. मी मोडेम काढला, घातला, तार बदलली, पुन्हा तेच. आप्पा आरामखुर्चीत बसून हे सगळं तीन दिवस बघत होते. काही बोलले नव्हते. चौथ्या दिवशी उठले, पेटी आणली, भाता मोकळा केला आणि म्हणाले, “तो फोन उचलून धर बघू इकडं.”

मी रिसीव्हर धरला. आप्पांनी पेटीवर एकेक पट्टी दाबून पाहिली. पांढरी चार, नाही. काळी चार, नाही. पांढरी पाचवर थांबले. पुन्हा ऐकलं. “पांढरी पाच आहे. किंचित चढी. आणि आवाज थरथरतोय.” मग जरा वेळानं म्हणाले, “हे यंत्र कुठलं?” मी म्हटलं, “तैवानचं. पण अमेरिकेच्या मापानं केलेलं असणार.” “मग त्याला त्यांची पट्टी माहीत. आपली त्याला ओळखू येत नाही. ते बिचारं खरंच बोलतंय. त्याच्या कानाला डायल टोन नाहीच.”

चाळीस वर्षं शास्त्र शिकवलेला माणूस. मी मोडेमच्या पुस्तिकेतल्या हुकमांच्या तक्त्यावर बोट ठेवत गेले. ‘एक्स’ या अक्षराखाली आकडे होते. एक्स ४ म्हणजे डायल टोनची वाट बघ, मगच नंबर फिरव. मोडेम मुळात तिथं असायचा. एक्स ३ म्हणजे डायल टोनची वाट बघू नको, ऐकू येवो न येवो, सरळ नंबर फिरव. पलीकडे एंगेज असेल तर मात्र सांग. ‘एटी अँड एफ एक्स ३’. अँड एफ म्हणजे आधी कारखान्यातून आलास तसा हो, आणि मग एक्स ३. मी लिहिलं. ओके आलं. नंबर लावला आणि मोडेमच्या छोट्या स्पीकरमधून टुकटुक टुकटुक असा नंबर फिरल्याचा आवाज आला. तो दिवस आषाढातला. वहीत लाल शाईनं ओळ लिहिली ती त्याच संध्याकाळी. आप्पा म्हणाले, “नीट लिही. णमोकाराची पस्तीस अक्षरं, एक इकडचं तिकडं चालत नाही. याचंही तसंच दिसतंय.”

एसटीडी रात्री अकरानंतर पाव दरात. खातं मुंबईचं, तेव्हा रोज अकरा वाजायची वाट बघायची. आप्पा सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाहीत, मीही रात्री खात नाही. चहाविना जागणं कसं असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. ह्यांची रात्रपाळी असली की घरात आम्ही दोघंच जागे, सासूबाई आतल्या खोलीत, मुलगा झोपलेला, बाहेर पाऊस आणि दूर कारखान्यांची घरघर. अकरा वाजून दोन मिनिटांनी नंबर लावायचा. पलीकडून एक लांब सूर, मग आमच्याकडून सूर, मग किरकिर, खरखर, जणू कुणी पत्र्यावर वाळू ओततंय. आणि एकदम शांत. आप्पा मनगटावरच्या घड्याळात बघून सांगायचे, “वीस सेकंद.” कधी पंचवीस.

त्या वीस सेकंदांत काय चालतं ते मी त्यांना पुस्तिकेतून वाचून दाखवलं होतं. दोन्हीकडचे मोडेम आधी ठरवतात की कुठल्या वेगानं बोलायचं. मोठा वेग तारेला झेपत नसेल तर दोघं मिळून खाली उतरतात. एकाला चौदा हजार येतं आणि दुसऱ्याला फक्त दोन हजार चारशे, तर बोलणं दोन हजार चारशेनं. आप्पा म्हणाले, “म्हणजे शहाण्यानं उतरायचं.” आणि पेटी झाकायला उठले. मी त्यावर काही बोलले नाही.

२४०० वेगाचं ते जुनं कार्ड भाबडं होतं. तारेत कुठं खरखर झाली की पडद्यावर कंस, टिंबं, भलतीच चिन्हं उमटायची. त्याला चूक ओळखता येत नव्हती. मग एक बाहेर ठेवायचा मोडेम घेतला, १४,४०० चा, समोर लाल दिव्यांची ओळ असलेला. त्याच्यात चूक तपासायची सोय होती. तुकडा खराब आला तर तो पुन्हा मागून घ्यायचा. कचरा बंद झाला. पण आता नवीनच, अक्षरं गळायला लागली. ‘वहिनी’ऐवजी ‘वहनी’, ‘आप्पांना’ऐवजी ‘आपना’. म्हणजे मोडेम बरोबर देतोय आणि आमचं यंत्र घेताना सांडतंय. कारण त्या जुन्या यंत्रातल्या, येणारी अक्षरं झेलणाऱ्या चिपला एका वेळी एकच अक्षर धरता यायचं. पुढचं येईपर्यंत विंडोजनं ते उचललं नाही तर गेलं. नव्या १६५५० नावाच्या चिपमध्ये सोळा अक्षरं मावायची. ती आमच्याकडे नव्हती. वेग कमी करून पाहिला, थोडं बरं. शेवटी विंडोजच सोडली. ह्यांच्या मित्राकडून ‘टेलिक्स’ नावाचा डॉसमधला प्रोग्रॅम आणला, एका फ्लॉपीत मावणारा. त्याला दुसरं कुठलंच काम नाही, नजर फक्त तारेवर. त्यात एक खूण करायची असते, की हातात जागा नसली तर यंत्रानं मोडेमला ‘थांब’ म्हणायचं आणि जागा झाली की ‘सोड’. दोघी जणी पोळ्या करतात तेव्हा भाजणारी म्हणते ना, थांब गं, तव्यावर जागा नाही. ती खूण केली आणि अक्षर गळणं थांबलं.

लोक तेव्हा वेगामागं फार लागलेले असायचे. १९९८ मध्येच ५६,००० ची नवी पद्धत ठरली होती आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी तीच. पण हिशेब केला तर ९६०० वेगानं सेकंदाला ९६० अक्षरं येतात. दाट लिहिलेलं एक पान दोन-तीन सेकंदांत. एवढ्या वेगानं पत्र वाचणारी बाई अजून जन्मायची आहे. पावसात तार भिजून लाईन तुटू लागली तेव्हा मी मोडेमला हुकूम देऊन वेग ९६०० ला बांधून टाकला, आणि फार पाऊस असेल तर ४८००. खांबावरच्या डब्यात पाणी शिरलेलं, मुंग्याही होत्या. टेलिफोनच्या माणसानं एका दुपारी तो कोरडा करून दिला आणि वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. त्याला मी चहा दिला, त्यानं मला विचारलं, “बेन, आ मशीन मां अमेरिका देखाय?” मी म्हटलं, “अक्षर दिसतं.” त्याचा जरा विरस झाला.

आणखी एक अडचण होती तिला कुठल्याच पुस्तिकेत उपाय नव्हता. आतल्या खोलीत पॅरलल फोन होता. सासूबाईंना मध्येच जाग आली की त्या रिसीव्हर उचलून “हॅलो, हॅलो, कोण?” म्हणायच्या, आणि आमच्या पडद्यावर ‘नो कॅरियर’. मी त्या फोनवर रात्री टोपलं पालथं घालून ठेवायला लागले.

नणंदेची आणि माझी पत्रं सुरू झाली. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, कारण पुण्यात तयार झालेले मराठी फॉन्ट होते तरी तिच्या यंत्रावर ते असतील याचा भरवसा नाही आणि आमच्या काळ्या पडद्यावर तर मुळीच नाही. ‘ळ’ आणि ‘ल’ एकच, ‘ण’ आणि ‘न’ एकच. आप्पांना ते सोसायचं नाही. पण ते माझ्या शेजारी बसून वाचायचे. तिचं पत्र आलं की मी मुद्दाम हळूहळू खाली सरकवायची. ते चष्मा पुढं-मागं करत वाचायचे, आणि मी उत्तर लिहायला लागले की उठून जायचे.

भाद्रपद आला. आमच्या श्वेतांबर शेजाऱ्यांचं पर्युषण संपलं, त्या घरोघर ‘मिच्छामि दुक्कडम्’ करून गेल्या, आणि आमचं दशलक्षण सुरू झालं. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. सामरवरणी-सिल्वासात दिगंबर घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तेव्हा आमच्याच दिवाणखान्यात चार घरं जमायची. आप्पा तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचायचे, दहा दिवसांत दहा. ते दहा दिवस यंत्राला आम्ही हात लावला नाही. अनंत चतुर्दशी झाली, पौर्णिमा झाली, क्षमावाणीचा दिवस उजाडला. सगळ्यांनी सगळ्यांना हात जोडून झाले. गावी फोन झाले. आप्पांनी भावाला, भाच्यांना, जुन्या हेडमास्तरांना फोन केला. अमेरिकेला नाही.

त्या रात्री सव्वाअकराला मी पाइन उघडलं. शेल खात्यात पत्र लिहायच्या प्रोग्रॅमचं ते नाव. सगळ्यांच्या वतीनं क्षमावाणीचं पत्र लिहिलं. आईंचं नाव, ह्यांचं, माझं, मुलाचं. पाठवायचं म्हणून कंट्रोल आणि एक्स दाबणार, तेवढ्यात आप्पा मागून म्हणाले, “थांब. तिला विचार, तिकडचा डायल टोन कुठल्या पट्टीत असतो.”

मी मागं बघितलं नाही. लिहिलं.

“आपला पांढरी पाच आहे, किंचित चढा, तेही लिही. आणि खाली माझं नाव घाल.”

बाहेर पाऊस होता, लाईन ४८०० ला बांधलेली. मी दाबलं, ‘पत्र गेलं’ असं इंग्रजीत आलं, आणि मग बराच वेळ मी फोन ठेवायचं विसरले. आप्पाच म्हणाले, “पैसे चालू आहेत.”

शेजारच्या एका वयस्क बाईंना हे मी पुढं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ही काही क्षमा नव्हे, क्षमा तोंडानं मागावी लागते आणि तोंडानंच द्यावी लागते. त्यांचं शास्त्र माझ्यापेक्षा पक्कं आहे. मी वाद घातला नाही. पण मी त्या खोलीत होते, त्या नव्हत्या.

दुसऱ्या रात्री उत्तर होतं. एवढं लांब पत्र तिनं आम्हाला कधी लिहिलं नव्हतं आणि त्यात एक शब्द रडण्याचा नव्हता. ती इंजिनियर. तिनं फोन उचलून शेजारच्या मुलाच्या कीबोर्डवर स्वर शोधले होते, आणि मग पुस्तकातही बघितलं होतं. तिकडचा डायल टोन एका सुराचा नसतोच, दोन सूर एकदम वाजतात, ३५० हर्ट्झ आणि ४४० हर्ट्झ. म्हणजे आप्पा, पांढरी चार आणि पांढरी सहा. आपला ४०० च्या आसपासचा. तुम्ही बरोबर ओळखलंत.

आप्पांनी रात्री पावणेबारा वाजता पेटी काढली. सासूबाई उठून आल्या. आप्पांनी पांढरी चार आणि पांढरी सहा एकदम दाबली आणि भाता हलवत राहिले. “हे ऐकतंय ते,” मोडेमकडे बोट दाखवून ते म्हणाले, “आणि आपण त्याला मधली पाच देत होतो.” मग फोन उचलून पांढरी पाच लावून बघितली, पुन्हा चार-सहा. मुलगाही उठला. त्या रात्री सगळं घर जागं होतं आणि सगळे डायल टोन ऐकत होते.

त्यानंतर आप्पांचा रोज एक प्रश्न असायचा. तिकडं एंगेज टोन कसा? रिंग दोनदा वाजते की एकदा? गाभाऱ्यात घंटेचा नाद का रेंगाळतो, याचं गणित मांडता येईल का? घराविषयी, लग्नाविषयी काही नाही. फोनवर ते आले पुढच्या फेब्रुवारीत, आणि आले ते “हां, बोल” म्हणत, मधे काही झालंच नाही अशा थाटात. तोपर्यंत रविवारी बांधावरची फेरी बंद झाली होती.

ते ४८६ पाच वर्षं चाललं, मग भंगारात गेलं. विंडोजच्या पुढच्या आवृत्त्यांतून टर्मिनलसारखे प्रोग्रॅमही हळूहळू गेले. हायपरटर्मिनल व्हिस्टापासून मिळेनासा झाला. आप्पाही आता नाहीत. पत्रं मात्र मी डॉट मॅट्रिक्सवर छापून ठेवली होती, कडेला भोकं असलेल्या कागदावर. परवा चाळताना मला एक सापडलं, दिवाळीनंतरचं. नणंदेच्या पत्राखाली तिच्या नवऱ्यानं इंग्रजीत तीन ओळी लिहिलेल्या. हे पहिल्यांदाच. तो लहानपणी गाणं शिकलेला. त्यानं लिहिलं होतं की आपण जिला पांढरी पाच म्हणता तिला आमच्याकडे ऐंदु कट्टै म्हणतात, ऐंदु म्हणजे पाचच. आणि आपली पेटी नेमकी कुठल्या श्रुतीला लावलेली आहे ते जाणून घ्यायला आवडेल.

मी ते आप्पांना दोनदा वाचून दाखवलं होतं. “काय म्हणतात? परत सांग.” “ऐंदु कट्टै.” त्यांनी ते स्वतःशी म्हणून बघितलं. उत्तर द्यायला त्यांनी चार दिवस लावले. चौथ्या रात्री अकराला खुर्ची ओढून शेजारी बसले.

“त्यांना लिही,” आप्पा म्हणाले, “पेटी जुनी आहे, मिरजेत दोनदा दुरुस्त केलेली. दोन सूर बसलेले आहेत. तेव्हा माझ्या पट्टीवर त्यांनी फार भरवसा ठेवू नये.”